‘मुलगी असती तर असंच बोलला असता का?’ लैंगिक अत्याचार आणि दुटप्पी मापं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या कॉलेज रोडवरची कॉलेजं, सातपूर-अंबडच्या कंपन्या, सिडकोतल्या सोसायट्या, दिंडोरी-निफाडची गावं अशा ठिकाणी आम्ही काही वकील आणि समुपदेशक लैंगिक हिंसाचाराच्या कायद्यांबद्दल बोलायला जातो. बोलून झाल्यावर ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटलं की सभागृहात फक्त पंख्यांचा आवाज येतो. म्हणून कोरे चिटोरे वाटतो आणि नाव लिहू नका म्हणून सांगतो. मग मात्र पिशवी भरते. खालचे प्रश्न त्या चिठ्ठ्यांमधले आहेत. भाषा शक्यतो ज्याची त्याची ठेवली आहे, ओळख पटेल अशा खुणा काढल्या आहेत.

कुणी आत्ता या क्षणी धोक्यात असेल तर वाचत बसू नका, ११२ लावा. मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ सुद्धा आहे.

पुरुषावर बलात्कार होऊ शकतो का?

होतो. कायद्याच्या पुस्तकात मात्र होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे आणि तिच्यात करणारा पुरुष, सोसणारी स्त्री हे आधीच ठरलेलं आहे. जुन्या दंडविधानातही तसंच होतं, पण तिथे मागच्या दाराने एक सोय होती, ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला आपसांत संमतीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढांना या कलमातून मोकळं केलं, जबरदस्ती मात्र गुन्हाच राहिली. प्रौढ पुरुषावर जबरदस्ती झाली तर पोलीस हेच कलम लावत. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७ ला जागाच मिळाली नाही.

परिणाम बघा. बावीस वर्षांच्या मुलावर ३० जून २०२४ च्या संध्याकाळी जबरदस्ती झाली असेल, तर आजही जुन्या कलमाखाली गुन्हा नोंदवता येतो आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, कारण गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. तेच दुसऱ्या संध्याकाळी झालं असेल तर दुखापत, डांबून ठेवणं, धमकी यांतलं जे बसेल ते बसवायचं. साध्या दुखापतीला, कलम ११५(२) ला, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि तीही अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेतात, तिची एक प्रत हातात देतात आणि ‘कोर्टात जा’ म्हणतात. मोबाइल हरवल्याच्या अर्जाचं जे होतं, साधारण तेच.

याहून चमत्कारिक गोष्ट कलम ३८ मध्ये आहे. स्वतःचा बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी चालेल असे प्रसंग कोणते, त्याची ती यादी आहे. बलात्काराच्या हेतूने झालेला हल्ला तिच्यात आहेच. त्याच्या लगेच खाली ‘अनैसर्गिक वासना’ भागवण्याच्या हेतूने झालेला हल्ला आहे, जुन्या कायद्यातून जसाच्या तसा उचललेला. तर हल्लेखोराला तुम्ही तिथेच मारलं तर कायदा तुमच्या पाठीशी. नाही मारू शकलात आणि सकाळी तक्रार द्यायला गेलात, तर त्या हल्ल्याच्या नावाचं कलमच नाही. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं आम्हाला वाटत नाही. कुणाला ते महत्त्वाचंच वाटलं नाही, हे जास्त खरं असावं.

मग कायदा बदला असं कुणीच म्हटलं नाही का?

म्हटलं की. विधी आयोगाने २००० मध्ये आपल्या १७२ व्या अहवालात ही व्याख्या लिंगनिरपेक्ष करा असं सुचवलं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये मधला मार्ग सांगितला: पीडित कुणीही असू शकतो असं धरा, आरोपी मात्र पुरुषच ठेवा. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात सरकारने दोन्ही बाजू खुल्या केल्या आणि दोन महिन्यांत कायदा करताना सगळं परत होतं तिथे नेऊन ठेवलं. नव्या संहितेचा मसुदा तपासणाऱ्या संसदीय समितीनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं होतं की जबरदस्तीपुरतं ३७७ ठेवा. ठेवलं नाही.

स्त्री संघटनांचा विरोध होता तो आरोपीची जागा बाईसाठी खुली करण्याला. त्यांची भीती अशी की बाईने तक्रार केली की दुसऱ्या दिवशी तिच्यावरच उलटी केस होईल. कोर्टात रोज क्रॉस केसेस बघणाऱ्याला ही भीती फुकाची म्हणता येत नाही. आमचं मत वर्मा समितीच्या बाजूचं आहे. निदान पीडिताच्या जागी ‘व्यक्ती’ लिहायला कुणाचं काही बिघडत नव्हतं.

एवढा धडधाकट गडी, त्याने प्रतिकार का केला नाही?

ही चिठ्ठी प्रत्येक ठिकाणी येते, अक्षर तेवढं बदलतं. आमच्याकडे आलेल्या एका मुलाचं सांगतो. आयटीआय झालेला, कंपनीत अप्रेंटिस, चौघांत मिळून भाड्याची खोली. खोलीतल्या थोरल्याविरुद्ध अर्ज घेऊन तो ठाण्यात गेला. ठाणे अंमलदाराने अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘वजन किती तुझं?’ मुलगा म्हणाला, अडुसष्ट. ‘आणि त्याचं?’ असेल साठ-बासष्ट. अंमलदार शेजारच्या हवालदाराकडे बघून हसला. मुलाने अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्याच बाकावर एक बाई बसली होती, नवऱ्याच्या मित्राविरुद्ध तक्रार घेऊन आलेली. तिला त्याच अंमलदाराने विचारलं, ‘एवढ्या रात्री दार उघडलंतच कशाला?’

एका बाकावरचे हे दोन प्रश्न. बाई असेल तर तिने ते ओढवून घेतलं, पुरुष असेल तर त्याने ते होऊ दिलं. बाकावर बसलेल्याला जबाबदार धरायचं, हे दोन्हीकडे सारखं. जो तिथे नव्हता त्याच्याबद्दल अजून एकही प्रश्न विचारून झालेला नव्हता.

बायकांना हा प्रश्न विचारण्याची मोठी परंपरा आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७८ मध्ये न्यायालयाने पोलिसांना सोडलं. कारणांमध्ये ठळक कारण हे, की तिच्या अंगावर झटापटीच्या जखमा नव्हत्या. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही, हे कलम ६३ मध्येच लिहिलेलं आहे. स्त्रीपुरतं.

शरीराचं म्हणाल, तर भीतीने गोठून जाणं ही प्रतिक्रिया आपल्या हातात नसते. स्टॉकहोममधल्या एका केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी हात-पाय हलवता न येण्याइतकं गोठून गेल्याचं सांगितलं. पुरुषाचं शरीर वेगळ्या मातीचं नाही. आणखी एक गोष्ट, जी कुणी मोठ्याने विचारत नाही पण चिठ्ठीत हमखास असते: जबरदस्ती चालू असताना शरीराने प्रतिसाद दिला तर? दिला असेल. तो स्नायूंचा आणि रक्ताभिसरणाचा व्यवहार आहे, गुदगुल्या केल्यावर हसू येतं तसा. त्याला होकार म्हणत नाहीत.

मुलग्यांना कुठे काय होतं? काळजी मुलींची करायची असते ना?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यं, महाराष्ट्र धरून, आणि १२ हजारांहून जास्त मुलं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि अशा मुलांमध्ये मुलगे होते ५२.९४ टक्के. निम्म्याहून जास्त. हा आकडा सभागृहात सांगितला की आया एकमेकींकडे बघतात आणि वडील मोबाइलकडे.

सिडकोतल्या एका सोसायटीत गप्पा चालल्या होत्या. एका आईने अभिमानाने सांगितलं की मुलीच्या व्हॅनवाल्या काकांच्या आधार कार्डाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे. क्लासच्या सरांच्या घरी ती स्वतः जाऊन आलीय. चांगलंच आहे. आम्ही विचारलं, मुलगा? तो पहाटे क्रिकेटला जातो, कोचच्या गाडीतून. गाडीत आणखी कोण असतं? माहीत नाही. कोच राहतो कुठे? इकडेच कुठेतरी, गंगापूर रोडला वगैरे. ‘अहो, तो मुलगा आहे!’ तेवढं बोलून ती थांबली, आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा समाजापेक्षा शहाणा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी, सारखं संरक्षण देतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, घेणारा पोलीस गणवेशात नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. आणि कळलं असूनही न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. शाळेच्या किंवा संस्थेच्या प्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणून मामा-काकाचं प्रकरण घरात मिटवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. मुलीच्या बाबतीत ‘तिचं लग्न कसं जमेल’ म्हणून मिटवतात, मुलाच्या बाबतीत ‘त्याला काय झालंय?’ म्हणून.

बाईने मुलावर अत्याचार केला तर?

पॉक्सो बाईलाही लागतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तर स्पष्टच सांगितलं की या कायद्यातल्या सर्वांत गंभीर स्वरूपाच्या लैंगिक हल्ल्याची कलमंही स्त्री आरोपीला लागू होतात. अडचण कायद्याची नाही, आपल्या चेहऱ्यावरच्या हसण्याची आहे. चाळिशीतल्या शिक्षकाने आठवीतल्या मुलीला नादी लावलं की गाव त्याला चोपायला निघतं. शिक्षिकेने तेच आठवीतल्या मुलासोबत केलं की त्याचं ‘प्रेमप्रकरण’ होतं आणि कट्ट्यावर मुलाच्या नशिबाचा हेवा केला जातो. तेरा वर्षांचं पोर दोन्हीकडे तेरा वर्षांचंच असतं. हे हसणं ऐकल्यावर तो मुलगा कधी तोंड उघडेल असं वाटतं तुम्हाला?

आम्ही दोघंही सतराचे, दोघांची मर्जी होती. गुन्हा एकट्या मुलावर का?

कारण संमतीचं वय १८ आहे आणि त्याखालच्या मर्जीला कायद्यात किंमत नाही. दोघंही अल्पवयीन, म्हणजे कागदावर दोघंही बालकं. पण फिर्याद बहुतेक वेळा मुलीचे वडील देतात, म्हणून ती पीडित होते आणि तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल. तिला बाल कल्याण समितीपुढे नेतात, त्याला बाल न्याय मंडळापुढे. पॉक्सोची भाषा लिंगनिरपेक्ष आहे, वापर तसा नाही. आणि इथे मुलीचा फायदा झाला असं कुणी समजू नये. तिने ‘माझी मर्जी होती’ म्हटलं तरी तिला कुणी विचारत नाही; पळालेल्या पोरीला घरी परत आणायचं हत्यार म्हणून कायदा वापरला जातो. जात वेगळी असली की ते हत्यार जास्तच धारदार होतं.

पण बायका खोट्या केसेस करतात, त्याचं काय?

काही होतात. हे नाकारणाऱ्यांशी आमचं जमत नाही, आणि ‘सगळ्याच खोट्या’ म्हणणाऱ्यांशी तर मुळीच नाही. ‘द हिंदू’च्या पत्रकार रुक्मिणी एस. यांनी दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांतले २०१३ मधले बलात्काराचे निकाल एकेक करून वाचले. पूर्ण चाललेल्या ४६० खटल्यांपैकी १८९ खटले असे निघाले जिथे जोडपं आपल्या मर्जीने एकत्र होतं किंवा पळून गेलं होतं, आणि तक्रारीमागे मुख्यतः मुलीचे आईबाप होते. ‘बायका खोटं बोलतात’ या वाक्यात आईबाप कुठे दिसतात?

आणि निर्दोष सुटका म्हणजे तक्रार खोटी होती असं नव्हे. साक्षीदार फुटतो, पंच ‘मला आठवत नाही’ म्हणतो, मेडिकल उशिरा झालेलं असतं, तारखा पडत राहतात आणि फिर्यादीचं मधल्या काळात लग्न होऊन ती दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते. सीबीएसजवळच्या न्यायालयात एक आठवडा मागच्या बाकावर बसा, पुष्कळ कळेल.

आमची खरी तक्रार दुसरी आहे. खोट्या केसेसवर तावातावाने बोलणारे जे लोक पुरुषांचा कैवार घेतात, तेच अप्रेंटिस मुलाची गोष्ट सांगितली की हसतात. पुरुषाच्या दुःखाचा उपयोग बाईला गप्प करायला तेवढा होतो, त्या पुरुषासाठी कुणी ठाण्याची पायरी चढत नाही.

बायको मारते. कुणाला सांगू?

ही चिठ्ठी कंपनीतली होती. ती मोठ्याने वाचली तर हशा पिकला असता, म्हणून नंतर वाचली. लाटणं घेतलेली बायको आणि पलंगाखाली लपलेला नवरा, हा विनोद रोज सकाळी तुमच्या ग्रुपवर येतो, फुलांच्या ‘शुभ सकाळ’च्या मागोमाग. भूमिकांची अदलाबदल करून तोच विनोद पाठवून बघा.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा दाद मागणारी व्यक्ती म्हणून फक्त स्त्रीला ओळखतो. (बाईविरुद्ध, म्हणजे सासू-नणंदेविरुद्ध, दाद मागता येते का? येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, दाद कुणाविरुद्ध मागता येते त्या व्याख्येतला ‘प्रौढ पुरुष’ हा शब्दप्रयोग काढून टाकला.) पुरुषाला साधा फौजदारी कायदा आहे: दुखापत, धमकी, डांबून ठेवणं. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण दोघांनाही सारखंच मिळतं. जखम असेल तर सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन नोंद करा, ‘पडलो’ म्हणून सांगू नका. मनावर ताण असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर सगळ्यांसाठी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

प्रमाणाचं भान मात्र सोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. जवळपास तिघींत एक. हा आकडा खरा आहे आणि चिठ्ठी लिहिणाराही खरा आहे.

नवऱ्याने बायकोवर जबरदस्ती केली तर तो बलात्कार?

बायको अठरा वर्षांखालची असेल तर होय. त्यावरची असेल तर नाही. कलम ६३ चा दुसरा अपवाद नवऱ्याला सोडून देतो. तिच्याकडे कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि छळाचं कलम ८५ आहे. पुरुषांवरच्या अन्यायाची यादी काढायची झाली तर त्याच पानावर समोरच्या रकान्यात हेही लिहावं लागेल.

सुपरवायझर पुरुष आहे आणि त्रास पुरुष कामगाराला देतो. कंपनीत कमिटी आहे, तिथे जाऊ?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती फक्त स्त्रीची तक्रार घ्यायला बांधील आहे. कंपनीने स्वतःच्या नियमांत सगळ्यांना सामावून घेतलं असेल तर जाता येतं, तेव्हा एचआरकडून पॉलिसीची प्रत मागा. नसेल तर लेखी तक्रार व्यवस्थापनाकडे द्या, पोहोच घ्या. कॉलेजमध्ये परिस्थिती जरा बरी आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरही असे प्रकार होतात हे सरळ लिहिलंय आणि सगळ्यांच्या बाबतीत कारवाई करायला सांगितलंय. नाशिकच्या किती प्राचार्यांनी ते पान उलटलंय, हा वेगळा विषय.

बायकांना कमिटी आहे म्हणून त्यांचं भागलं, असंही नाही. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या हंगामात छाटणी-खुडणीला येणाऱ्या, बागेतच पालं टाकून राहणाऱ्या बायकांचं काय? दहापेक्षा कमी कामगार असतील तिथे, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण सबळ असेल तर आणखी तीन. मुकादमाच्या हातात उचलीचा हिशोब असताना कोण त्या मुदतीत नाशिकला येणार? कुठल्या कायद्यात कोण बसतं हे बघताना, तिथवर पोहोचायला एसटीचे पैसे कुणाकडे आहेत तेही बघावं लागतं.

तृतीयपंथी व्यक्तीवर अत्याचार झाला तर?

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १८. लैंगिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला कमीत कमी दहा वर्षं आहेत. या दोन आकड्यांवर आणखी भाष्य करायची गरज वाटत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये एक वाट मोकळी केली: शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून जगणारी पारलिंगी व्यक्ती त्या कायद्याखाली दाद मागू शकते.

अत्याचार झाला की लोक रस्त्यावर उतरतात. म्हणजे समाज जागा आहे ना?

ऑक्टोबर २०१६ आठवतो? त्र्यंबकेश्वर तालुक्यात तळेगावला एका चिमुरडीवर अत्याचाराच्या प्रयत्नाचा आरोप झाला, संशयित एक किशोरवयीन मुलगा. दुसऱ्या दिवशी रास्ता रोको, एसटी बस जाळल्या गेल्या, दगडफेक, मग मोबाइल इंटरनेट बंद. त्या दिवसांत नाशिकमध्ये सगळी चर्चा कोण कोणत्या समाजाचा यावर होती. मुलीला दवाखाना मिळाला का, समुपदेशन मिळालं का, हे विचारणारे थोडे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदी बघितल्या तर बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: घरचा, शेजारचा, कामावरचा. त्या प्रकरणांसाठी कधी बस जळत नाही. आरोपी परका असावा, परक्या जातीचा असला तर उत्तम, आणि पीडित ‘आपली’ मुलगी असावी, मग संतापाला उधाण येतं. मुलगा पीडित असलेल्या प्रकरणासाठी निघालेला मोर्चा आम्ही नाशिकमध्ये पाहिलेला नाही. आम्हाला मोर्चा नकोच आहे म्हणा, पण नोंद घ्यावीशी वाटते.

तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?

बाकावर बसलेल्याच्या.

आत्ताच, काल-परवा घडलंय. नेमकं काय करायचं?

अंघोळ करावीशी वाटेल, शक्य असेल तर थांबा. कपडे धुऊ नका. प्लॅस्टिकमध्ये नको, कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला जा. आधी पोलीस ठाणं, मग दवाखाना असा नियम नाही, सरळ दवाखान्यात जाता येतं. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. एचआयव्ही टाळायची औषधं मात्र ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकं बरं. ती पुरुषालाही तितकीच लागतात, आणि तपासणाऱ्याला आठवलं नाही तर तुम्ही मागा. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर त्याची गोळीही तेव्हाच. बलात्काराच्या आणि पॉक्सोच्या प्रकरणात खासगी दवाखान्यानेही फुकट उपचार करायचे आहेत आणि नाकारले तर तो गुन्हा आहे. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणी, कुणी करू लागलं तर नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलंय की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

ठाण्यात ‘ही हद्द आमची नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. घडलं त्र्यंबकला, म्हणजे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, आणि तुम्ही राहता पंचवटीत, शहर आयुक्तालयात; तरी पंचवटीच्या ठाण्याने झिरो एफआयआर घ्यायचा आणि तिकडे पाठवायचा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. बलात्काराची तक्रार घ्यायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ प्रमाणे सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. हे वाक्य ठाण्यात शांतपणे, कलमाचा आकडा धरून उच्चारलं की बरेचदा कॉम्प्युटर सुरू होतो.

प्रौढ पुरुष असाल तर अर्जात ‘मारहाण झाली’ एवढंच लिहून थांबू नका. लाज वाटेल, तरी काय झालं ते क्रमाने लिहा. डांबलं होतं का, धमकी दिली का, हत्यार होतं का, व्हिडिओ काढला का, किती जण होते. यातल्या एकेका गोष्टीला स्वतंत्र कलम आहे आणि त्यांतूनच एनसीचा दखलपात्र गुन्हा होतो. सोबत एक माणूस न्या, शक्यतो न चिडणारा.

भरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, ती स्त्रिया आणि बालकांसाठी. बालकांत मुलगेही आले. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मोफत वकिलाची चौकशीही तिथेच करा, किंवा १५१०० लावा.

मी आज चौतीस वर्षांचा आहे. सातवीत असताना घडलं होतं. आता काय उपयोग?

या वयाच्या पुरुषांच्या चिठ्ठ्या बऱ्याच येतात आणि जवळजवळ सगळ्यांत एक ओळ असते, ‘हे मी पहिल्यांदाच लिहितोय.’ गंभीर गुन्ह्यांना, म्हणजे तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्यांना, मुदतीचं बंधन नाही. तुमचं प्रकरण १४ नोव्हेंबर २०१२ च्या आधीचं आहे, त्यामुळे पॉक्सो लागणार नाही, जुनं ३७७ लागू शकतं. पुरावा अवघड आहे, हे लपवत नाही. पण तक्रार केलीच पाहिजे असं कुठे आहे? काहींना फक्त समुपदेशकाशी बोलायचं असतं, काहींना बायकोला सांगायचं असतं. एक मात्र विचारतो: तो माणूस आजही मुलांच्या आसपास आहे का? क्लास घेतो, हॉस्टेल चालवतो, नात्यातल्या पोरांना सुट्टीत घरी ठेवून घेतो? असेल तर १०९८ ला फोन करता येतो, स्वतःचं काही न सांगता.

मित्राने मला सांगितलं. मी काय बोलू?

‘कुणाला सांगू नकोस’ म्हणू नका. ‘चल, त्याला बघून घेऊ’ हेही नको. मारामारीची केस तुमच्यावर होईल आणि मूळ तक्रार मागे पडेल. विश्वास ठेवतो म्हणा, जेवलास का विचारा, दवाखान्यात सोबत येतो म्हणा. मैत्रिणीने सांगितलं असतं तर जे बोलला असता, तेच.

प्रकरणातल्या मुलीचा फोटो आमच्या ग्रुपवर आलाय, खाली ‘श्रद्धांजली’, ‘न्याय द्या’ असं लिहून. पुढे पाठवू का?

नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. मूल असेल तर पॉक्सोचं कलम २३ आहे, मुलगा असला तरी. हेतू चांगला होता हा बचाव चालत नाही. शाळेचं नाव, गल्लीचं नाव, बापाच्या दुकानाची पाटी, यानेही ओळख पटते, तेव्हा तेही नको. तुमच्या मोबाइलमधून काढून टाका आणि अ‍ॅडमिनला ग्रुपवर न लिहिता सरळ फोन करा.